संपकरी साडू

साडू हे नातं ज्यानं काढलं त्याला दोन शहाण्या माणसांची गंमत बघायची हौस असणार. भाऊ रक्ताचा असतो, मित्र निवडलेला असतो. साडू यातला कोणीच नसतो. एकाच सासूच्या हातचं जेवायचं आणि आपल्या ताटापेक्षा शेजारच्या ताटात काय पडलं ते बघायचं, एवढंच या नात्याचं काम. ते मी चौदा वर्षं इमानेइतबारे केलं. ऑफिसात मी इतका नियमित कधी नव्हतो.

काशिनाथ माझा धाकटा साडू. माझ्या बायकोची, सुनंदाची, पाठची बहीण मंदा ही त्याची बायको. मी जव्हारचा, तो मोखाड्याकडच्या पोशेऱ्याचा आणि आमची दोघांची सासुरवाडी जामसरला. हल्ली तो नाशिककडे असतो, कुठल्याशा मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवतो. तो इथे नाही म्हणूनच हे लिहायचं धाडस करतोय. समोर असता तर वाचून म्हणाला असता, "बरोबर लिवलाय भाऊ," आणि मग मला आणखी राग आला असता.

उंचीनं तो माझ्यापेक्षा हातभर जास्त. हात सुपाएवढे. फुटबॉलमध्ये गोलरक्षक होता, त्यामुळे एक सवय अंगात मुरलेली. पडणारी वस्तू तो पडू देत नसे. आमच्याकडे एकदा फळीवरून पितळी तांब्या निसटला. काशिनाथ सुनंदाशी बोलत होता. त्यानं बोलणं न थांबवता, मान न वळवता हात लांब केला, तांब्या झेलला, फळीवर ठेवला आणि वाक्य पूर्ण केलं. सुनंदा आठवडाभर आल्यागेल्याला ते सांगत होती. त्याच आठवड्यात माझ्या हातून बशी फुटली, तेही ती सांगत होती.

दुसरी सवय दारात उभं राहण्याची. बरोबर मधोमध, पाय थोडे फाकून, हात सैल सोडून. सुनंदा म्हणायची, हा दारात असला की घर राखल्यासारखं वाटतं. मी दारात उभा राहिलो की ती म्हणते, सरका, उजेड अडतोय.

तो यायच्या आधी पाच वर्षं मी जामसरचा एकुलता एक जावई होतो. तो माझ्या आयुष्यातला सुवर्णकाळ. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला मी रजा टाकून जायचो आणि बांधावर खुर्ची टाकून छत्रीखाली बसायचो. सरकारी माणसानं पाहणीला यावं तसा. चहा यायचा. चिखलातून बाया हसून बघायच्या. मला वाटायचं, कौतुकानं बघतायत. मंदाचं लग्न झालं त्या वर्षी काशिनाथ आला, विजार गुडघ्यावर दुमडली आणि सरळ चिखलात उतरला. संध्याकाळपर्यंत वाकून होता. सासूबाईंनी त्याला काही म्हटलं नाही, मला म्हटलं. "तुम्ही बसा जावाय, तुम्हाला नाय जमायचा." पाच वर्षं त्या हेच वाक्य म्हणत होत्या. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा ऐकू आलं.

या डोंगरातली आवण सावडीनं होते. आज सगळ्या पाड्यानं तुमच्या शेतात, उद्या तुम्ही त्यांच्या. मजुरी नाही, हिशेब नाही. फक्त गेलं पाहिजे. जो गेला नाही त्याच्या राबात, म्हणजे वाफ्यात, रोपं तशीच पिवळी पडतात आणि कोणी त्याला दोष देत नाही, नुसतं त्याच्या बांधावरून दुसरीकडे जातात. काशिनाथला या सावडीचं वेड होतं. कुठलाही विषय काढा, स्वारी तिथे पोचायची. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आवण सगळ्यांची, भात ज्याचा त्याचा." लग्नाच्या बोलणीपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत ते वाक्य कुठेही बसायचं. मी घरी त्याची नक्कल करून दाखवायचो. पोरं हसायची नाहीत. काशीमावसा करतो तसं नाही जमत म्हणायची.

आता त्याच्या फुटबॉलचं. पोशेऱ्याच्या कापलेल्या भाताच्या खाचरात, पायांना धसं टोचत शिकलेला गडी. मुंबईला बांधकामावर गेला, तिथल्या कोणत्या कंपनीच्या टीममध्ये शिरला आणि तिथून एका पगारी क्लबात. चेंडू अडवायचा पगार मिळतो हे आमच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. ते मला बाजूला घेऊन विचारायचे, दुसरा काय धंदा करतो का? मी म्हणायचो, चौकशी करतो. काशिनाथचा हातमोजे घातलेला फोटो मात्र सासऱ्यांच्याच भिंतीवर लागला, देवाच्या शेजारी. आमच्या लग्नाचा फोटो पेटीत आहे. ओल लागते म्हणतात.

माझं एकच समाधान होतं. तो तिसरा गोलरक्षक होता. पहिला खेळायचा, दुसरा बाकावर बसायचा आणि तिसरा बाकाच्या मागे. दोन हंगाम तो एकही मॅच खेळला नाही. कोणी त्याचं कौतुक केलं की मी हळूच विचारायचो, मग काल कितव्या मिनिटाला उतरला?

तिसऱ्या हंगामात पहिल्याच्या खांद्याला लागलं, दुसऱ्याला कावीळ झाली. काशिनाथचा फोन आला, रविवारी मी आहे. जामसरला सासूबाईंनी कोंबडा कापला. नेटवर्क फक्त घरामागच्या आंब्याखाली मिळतं, म्हणून मोबाईल तिथे उलट्या मडक्यावर टेकवला आणि सगळा पाडा भोवती बसला. सासूबाईंनी जाहीर केलं, जावाय मैदानात उतरल्याबिगर ताट वाढायचा नाय. मैदान दिसलं. हिरवंगार. रेफरी आला, समोरची टीम आली. आपली टीम आलीच नाही.

दहा मिनिटं गेली. कॉमेंट्री करणारा इंग्रजीत काहीतरी घाईघाईनं बोलायला लागला. सगळे माझ्याकडे वळले, कारण इंग्रजी मला येतं असा माझ्याबद्दल सासुरवाडीत समज होता, मीच पसरवलेला. मला एक शब्द कळला, तो म्हणजे संप. पण मी काही बोलायच्या आत सासरे म्हणाले, कोणी तरी मेला असंल. आमच्याकडे पाड्यात मयत झाली की त्या दिवशी कोणी शेतात पाय घालत नाही. त्यामुळे सगळ्यांना ते एकदम पटलं. गडी उठून उभे राहिले, टोप्या काढल्या. एक म्हातारी विचारायला लागली, बापय का बाय? आणि मडक्यावरच्या त्या रिकाम्या मैदानासमोर सगळा पाडा मान खाली घालून उभा राहिला. मीही राहिलो. कोंबड्याचा वास येत होता.

खरं काय ते मागाहून कळलं. त्यांच्यातल्या एका पोराचा गुडघा सरावात मोडला होता. क्लबनं ऑपरेशनचं नाव काढलं नाही, करार संपवून त्याला घरी जायला सांगितलं. बाकीचे म्हणाले, त्याच्यावर उपचार होत नाहीत तोवर आम्ही उतरत नाही. पुढचा आठवडाभर मी ऑफिसात आणि पानाच्या टपरीवर नुसता बहरलो होतो. म्हटलं, लाथा मारायचे लाखो घेतात, वर संप यांचे. गिरणीवाल्यांनी करावा, एसटीवाल्यांनी करावा, यांना काय धाड भरली? सगळे माना डोलवायचे. लाखो कोणी घेत होतं की नाही मला माहीत नव्हतं. काशिनाथ मुंबईत सहा जणांत एक खोली करून राहायचा हे मला माहीत होतं, पण ते मी टपरीवर सांगितलं नाही.

आणि एक गोष्ट मंदाकडून कळली, ती माझ्या घशाखाली आजही उतरत नाही. त्या दिवशी कप्तान काशिनाथला म्हणाला होता, तुझी ही पहिलीच मॅच, बहुतेक शेवटचीही. तू उतरलास तर आम्ही तुला वाईट म्हणणार नाही. क्लबवाले तर म्हणत होते, तू एकटा जरी उभा राहिलास तरी पुढच्या वर्षीचं नक्की. काशिनाथनं बूट घातले होते. ते सोडले आणि बाकावर बसला. आवणीला जामसरला आला तेव्हा मी त्याला विचारलं, का नाही उतरलात? एवढी संधी? तो रोपांच्या मुठी सोडवत होता. म्हणाला, "तेच्या आवणीला मी गेलो नाय, तर माझ्या आवणीला कोण येल भाऊ?"

त्या पोराचा गुडघा क्लबनं नीट करून दिला. काशिनाथला हंगाम संपल्यावर नारळ दिला. तो एकही मॅच न खेळता परत आला, आणि जामसरच्या भिंतीवरचा फोटो कोणी उतरवला नाही. उलट त्याला हार घातला. मी सुनंदाला म्हटलं, जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. ती म्हणाली, तुम्हाला हवाय का?

मग सासूबाईंच्या आग्रहावरून मला त्याच्या नोकरीसाठी शब्द टाकावा लागला. मी इथल्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. कार्यालयाच्या मागच्याच आवारात संस्थेची निवासी शाळा. तिथे खेळाचा शिक्षक हवा होता, कंत्राटी. मी शब्द टाकला, पण तो पडेल आणि कोणी उचलणार नाही अशा बेतानं टाकला. तरी उचलला गेला. माझ्या हातून जे काही भलं झालं ते असंच झालंय.

त्याच्या येण्यानंतर वर्षभरात आम्हा लिपिकांचा संप झाला. मी संघटनेचा सहचिटणीस. पहिल्या दिवशी मी भाषण केलं, त्यात "रक्ताचा शेवटचा थेंब" असं काहीतरी होतं. तिसऱ्या दिवशी कुजबूज आली की हजेरी न लावणाऱ्यांच्या सेवेत खंड धरणार. चौथ्या दिवशी सकाळी सातला मी मागच्या फाटकानं आत शिरलो, हजेरीपटावर सही केली आणि त्याच फाटकानं बाहेर पडलो. मैदानावर काशिनाथ एकटा फक्कीनं रेषा आखत होता. त्यानं मला बघितलं. मग मान खाली घालून पुढची रेष आखायला लागला. सरळ रेष, जराही हलली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे त्याच्याकडे जेवायला. मी घासागणिक वाट बघत होतो, आता काढेल, आता काढेल. सुनंदा आमच्या संपाचं कौतुक सांगत होती. काशिनाथनं लोणचं मागितलं. नंतरही कधी काढलं नाही, ना बायकोजवळ, ना रागात, ना चेष्टेत. एखाद्यानं आपलं गुपित फोडलं तर त्याला शिव्या देता येतात. यानं तीही सोय ठेवली नाही.

शाळेच्या स्वयंपाकघरात नऊ बाया होत्या, सगळ्या कंत्राटी. पावणेतीनशे पोरांची डाळ एका टोपात. तो कढता टोप दोघींनी फडक्यानं धरून उतरवायचा. गेल्या पावसाळ्यानंतर एकदा फडकं सुटलं आणि डाळ जयबाईच्या पायावर गेली. घोट्यापासून खाली सगळं भाजलं. ती दवाखान्यात असतानाच तिच्या जागी दुसरी बघा असं ठरलं. काशिनाथ दुपारी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून त्या बायांशी काय बोलला ते मला माहीत नाही. सावडीवरून सुरुवात केली असणार. सोमवारी सकाळी चुली पेटल्या नाहीत. आठही जणी फाटकाबाहेर ओळीनं बसल्या. जयबाईला परत घ्या, आणि टोप उतरवायला गडी द्या. एवढंच मागणं.

जव्हारच्या बाजारात लगेच सुरू झालं. बाया माजल्यात, पोरांच्या तोंडचा घास काढला, फुकटचं खाऊन अंगाला आलं. ओळखीची वाक्यं. मीच टपरीवर वापरून गुळगुळीत केलेली.

संस्थेच्या चिटणीससाहेबांनी हुकूम काढला, कार्यालयानं स्वयंपाक करावा. भाताचं माझ्याकडे आलं. घरी मी कधी भात लावलेला नाही, पण पंचवीस वर्षं फायली हलवल्यात, भात काय हलणार नाही, असं वाटलं. मी एवढ्या मोठ्या टोपात थंड पाणी, त्यात सगळे तांदूळ आणि खाली जाळ, असा सरळ प्रस्ताव मांडला. तासाभरानं टोपाच्या तळाला कोळसा होता, वर कच्चे तांदूळ, आणि मध्ये जे होतं त्याला अजून नाव नाही. उतरवायला आम्ही चौघे लागलो. माझा चष्मा आत पडला. पोरांनी एक घास खाल्ला, ताटं घेऊन उठली आणि शांतपणे चालत फाटकाशी जाऊन त्या बायांसमोर बसली. कोणी घोषणा दिल्या नाहीत. पावणेतीनशे ताटं नुसती मांडीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेनं मान्य केलं. जयबाई परत, टोपाला दोन गडी. लोकांनी काशिनाथला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. मी आजही म्हणतो, तो संप माझ्या भातानं जिंकला. पण इतिहास कोण लिहितो?

संस्थेला मात्र ते लागलं. आठवड्यानं चिटणीससाहेबांनी मला बोलावलं. समोर दोन कागद. एक, काशिनाथला कायम करण्याचा आदेश. दुसरा, त्यानं सही करायचं लेखी: यापुढे स्वयंपाकघरातल्या बायांच्या भानगडीत पडणार नाही. सही केली तर आदेश. नाही केली तर दिवाळीला करार संपतोय, तो वाढवायचा नाही. साहेब म्हणाले, तुमचा साडू ना, तुम्ही समजवा.

कागद घेऊन मैदानाकडे जाताना माझ्या मनात काय होतं ते सांगितलंच पाहिजे. मला कायम व्हायला बारा वर्षं लागली, हा चार वर्षांत होणार, म्हणून मी जळत होतो. आणि त्याच वेळी मला मनापासून वाटत होतं की त्यानं सही करावी. एकदा सही केली की तो माझ्यासारखा होईल. मागच्या फाटकानं शिरणाऱ्यांपैकी. मग मी त्याच्यावर प्रेमसुद्धा करू शकलो असतो.

तो गोलपोस्टला टेकून चेंडूत हवा भरत होता. मी म्हटलं, "काशिनाथराव, सही करून टाका. मनात काय ठेवायचं ते ठेवा. आम्ही सगळे तसंच करतो."

"कायम झाला का काय होतं भाऊ?"

मी सांगितलं. रजा, बढती, घरासाठी कर्ज, लोकांत मान. त्यानं नीट ऐकलं.

"आन त्या बायांनी हाक मारली तर?"

"ऐकू आली नाही असं करायचं."

"तुम्हाला जमतं?"

त्यात टोमणा नव्हता. तुम्हाला पोहता येतं का, असं विचारावं तसं विचारलं. वेळ होती त्याच्याकडे, त्या सकाळच्या फाटकाचं नाव काढायची. त्यानं काढलं नाही. मी म्हटलं, "सवय होते."

त्यानं हात सदऱ्याला पुसले, कायमचा आदेश घेतला, पूर्ण वाचला, घडीवर घडी घालून परत दिला. लेखी कागद हातातही घेतला नाही. "साहेबांना सांगा, मी नाय सही करायचो," एवढंच म्हणाला आणि पुन्हा पंप मारायला लागला.

करार न वाढवण्याचं पत्र अर्थात मीच टाईप केलं. चौदा वर्षं हा माणूस पडावा म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते, आणि चार ओळींचं पत्र तीनदा चुकलं. संगणक जुना आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी तो पत्र घ्यायला आला. पोच म्हणून सही करायला पेन मागितलं, सही केली, टोपण लावून पेन परत ठेवलं. मग दारात, अगदी मधोमध थांबून म्हणाला, "भाऊ, एक काम करा. संध्याकाळी माझ्यासंगं घरी चला. मंदाला सांगायचा हाय. एकट्याची छाती होत नाय."

मला इतका आनंद झाला की मी तो खोकल्यात लपवला. म्हणजे हाही भितो. आणि भिऊन माझ्याकडे येतो. संध्याकाळी त्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांकडे निघालो. मीच बोलत होतो. मी त्याला धीर दिला, मी आधी सुरुवात करतो म्हटलं, मनातल्या मनात भाषण बांधलं.

मंदा डबे पुसत होती. मी घसा साफ केला. "मंदा, हे बघ, नोकरी म्हणजे काही—"

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघितलं. "सुटली?"

"सुटली."

"जयबाई कामावर हाय ना?"

"हाय."

"मग पाय धुवा." आणि मला म्हणाली, "दाजी, तुम्ही का उभे? बसा ना."

भाषण तसंच राहिलं. अशा वेळी सुनंदा मला काय म्हणाली असती याचा विचार मी करत होतो. तिला तसं काही म्हणायची वेळ मी कधी येऊच दिलेली नाही, त्यामुळे काही सुचेना.

काशिनाथ पाय धुऊन आला आणि भिंतीला टेकून बसला. तेव्हा मला दिसलं, मांडीवर ठेवलेले त्याचे हात थरथरत होते. तेच सुपाएवढे हात. बारीक, पण थांबत नव्हते. त्यानं ते काखेत घातले, पुन्हा काढले. मंदानंही बघितलं असणार. तिनं डब्यातून तांदूळ ताटात ओतले आणि ते ताट त्याच्या मांडीवर ठेवलं. निवडा म्हणाली. तो निवडायला लागला. एक एक दाणा सारत. हळूहळू बोटं शांत झाली. ती चुलीकडे वळली.

मी त्याच्या उंचीवर जळलो, फोटोवर जळलो, न खेळलेल्या मॅचवरसुद्धा जळलो. त्या संध्याकाळी मात्र मला जाळ सोसवेना आणि मी उठायला लागलो. मंदा पाठमोरीच म्हणाली, "दाजी, तुम्हीपण हात लावा जरा."

मग मी मांडी घालून त्याच्यासमोर बसलो. त्यानं ताट दोघांच्या मध्ये सरकवलं. बराच वेळ आम्ही दोघे साडू वाकून खडे शोधत होतो. त्या तांदळात एकही खडा नव्हता.